एका संघाचा माणूस

गेल्या पौषांत एके रात्रीं जेवणें आटोपून घरांतील मंडळी माजघरांत बसली असतां एक वाद निघाला. आमचा धाकटा पुतण्या पुण्यास यंत्रांच्या एका लहानशा कारखान्यांत इंजिनियर आहे. त्या कारखान्यास वाईट दिवस आले आहेत. दोन महिन्यांचा पगार थकला आहे, बरोबरीचे चौघेजण सोडून गेले आहेत, आणि त्याला स्वतःला दुसरीकडून दीडपट पगाराचें बोलावणें आलें आहे. आमच्या वहिनींचें म्हणणें, अशा वेळीं क्षणभरहि विचार करूं नये. आमच्या थोरल्या बंधूंचें म्हणणें, ज्या मालकानें आपण शिकाऊ असतां हाताशीं धरलें, त्याला अडचणींत टाकून जाणें बरें नव्हे. पुतण्या हंसून आमच्याकडे वळला व म्हणाला, "काका, निष्ठा वगैरे शब्द तुमच्या संस्कृतच्या पुस्तकांत शोभतात. हल्लीं जो एके ठिकाणीं राहतो, त्याला दुसरीकडे कोणी विचारीत नाहीं म्हणूनच तो राहिलेला असतो."

त्यानें हा बाण सहज सोडला असेल. पण तो लागला मात्र आम्हांस. आम्हीं एकाच शाळेंत छत्तीस वर्षें मुलांकडून शब्द व धातु घोकून घेतले. निवृत्तीच्या समारंभांत आमच्या 'एकनिष्ठ सेवे'चा मोठा गौरव झाला. परंतु खरें सांगावयाचें तर त्या छत्तीस वर्षांत दुसऱ्या कोणत्याहि शाळेनें आम्हांस बोलावलें नव्हतें. आणि हार गळ्यांत पडत असतांना हीच शंका आमच्या मनांत डोकावत होती. निष्ठेची परीक्षा व्हावयास सोडून जाण्याचें दार उघडें असावें लागतें. बंद दाराआड राहणाऱ्यास निष्ठावंत म्हणावें काय? त्या रात्रीं अंथरुणावर पडल्यावर आम्हांस एका माणसाची आठवण झाली. त्याच्यापुढें तें दार एकदां नव्हे, दोनदां उघडें झालें होतें, आणि दोन्ही वेळां तो जागचा हालला नाहीं. तो कोणी ऋषि नव्हे कीं राजपुरुष नव्हे. तो इटली देशांतील एक फुटबॉल खेळणारा गडी. नांव फ्रांको बारेसी.

संस्कृतच्या मास्तराचा फुटबॉलशीं काय संबंध, असें वाचकांस वाटेल. संबंध एका रात्रीचा. १९९४ सालच्या जुलै महिन्यांत, अमेरिकेंत भरलेल्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना आपल्याकडील वेळेप्रमाणें मध्यरात्र उलटून एक वाजतां सुरू झाला. आमचा थोरला पुतण्या तेव्हां बारा वर्षांचा होता. त्याच्या वडिलांनीं एकट्यानें जागण्यास मनाई केली, म्हणून त्यानें आम्हांस सोबतीस उठविलें. आम्ही अर्धवट झोपेंत दूरचित्रवाणीसमोर बसलों, आणि पहाटे जागेवरून उठलों तेव्हां झोप पार उडाली होती. त्या रात्रीं जें पाहिलें तें पुढें सांगूंच. पण त्यानंतर त्या माणसाचें चरित्र जेथें मिळेल तेथून आम्हीं जमविलें.

दोन भाऊ

फ्रांकोचा जन्म ८ मे १९६० रोजीं उत्तर इटलींतील ब्रेशा शहरानजीक त्राव्हाल्यातो नांवाच्या गांवीं, एका शेतकरी कुटुंबांत झाला. ब्रेशापासून पश्चिमेस मिलान हें मोठें शहर. त्या शहरांत फुटबॉलचे दोन प्रख्यात संघ आहेत. मिलान हा संघ १८९९ सालीं स्थापन झाला. पुढें १९०८ सालीं त्यांतील कांहीं सभासद मतभेदामुळें बाहेर पडले व त्यांनीं इंटर हा दुसरा संघ काढला. भाऊबंदकीचा हा इतिहास आपल्याकडील वाचकांस निराळा सांगावयास नको. गंमत अशी कीं, हे दोन्ही वैरी एकाच क्रीडांगणावर, सान सीरो येथें, आलटून पालटून आपले सामने खेळतात. एका वाड्यांत दोन चुली, तशांतला हा प्रकार.

फ्रांकोचा भाऊ जुझेप्पे त्याच्याहून दोन वर्षांनीं वडील. त्याला इंटर संघाच्या बालशाखेंत प्रवेश मिळाला. पाठोपाठ फ्रांकोहि तेथेंच परीक्षेस गेला. परंतु परीक्षकांनीं पाहिलें तों पोर किरकोळ, अंगांत मांस नाहीं, उंची बेताची. त्यांनीं त्याला परत पाठविलें. तेव्हां तो शेजारच्या मिलान संघाच्या दाराशीं गेला, आणि १९७४ सालीं तेथें त्याला घेण्यांत आलें. तेथील मंडळी त्याला 'पिशिनीन' म्हणत. मिलानच्या बोलींत याचा अर्थ 'छोटा', आपल्याकडील 'छोटू'च म्हणाना. याच सुमारास, पोरवयांतच, मुलांची आई वारली, आणि मागोमाग थोड्याच वर्षांत वडीलहि गेले. मायबापांचें छत्र हरपलेलीं हीं दोन पोरें एकाच शहरांत, परंतु दोन प्रतिस्पर्धी घरांत वाढूं लागलीं.

येथें थोडें थांबून एक गोष्ट सांगणें जरूर आहे. फ्रांकोनें मिलान संघ कांहीं वाडवडिलांच्या पुण्याईनें वा बालपणच्या भक्तीनें निवडला नव्हता. ज्याच्याकडे आधीं गेला त्यानें नाकारलें, म्हणून तो दुसऱ्याकडे गेला. पुष्कळांच्या आयुष्यांतील निष्ठेचा आरंभ असाच आकस्मिक असतो. आपली शाळा, आपली कचेरी, फार काय पूर्वीच्या काळीं आपली सहधर्मचारिणीहि आपण निवडलेली नसे. पुढें आपण तिच्याशीं कसे वागलों, एवढेंच काय तें आपलें.

खेळांतील त्याची जागा कोणती, हें ज्या भगिनींनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. फुटबॉलमध्यें कांहीं गडी गोल करावयास पुढें धांवतात व कांहीं गडी आपल्यावर गोल होऊं नये म्हणून मागें राहतात. फ्रांको या मागच्यांपैकीं. इटलींत त्या काळीं रक्षकांच्या रांगेमागें आणखी एक गडी मोकळा ठेवण्याची रीत होती. पुढच्यांच्या हातून जें निसटेल तें यानें निस्तरावयाचें. त्याला 'लीबेरो', म्हणजे मोकळा, असें म्हणत. नांव मोकळा, पण सर्वांच्या चुकांचा बांधलेला तोच! गोल करणाऱ्याचें नांव दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत येतें. रक्षकाचें कर्तृत्व मात्र न घडलेल्या गोष्टींत असतें. नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर त्याचें यश अभावरूप आहे. घरांत दूध उतूं गेलें तर सर्वांना कळतें. रोज तें उतूं जात नाहीं, याचें श्रेय कोणाचें, हें कोण विचारतो?

दोनदां पडझड

२३ एप्रिल १९७८ रोजीं, अठरा वर्षें पुरीं होण्यास पंधरा दिवस असतां, फ्रांको मिलानच्या मुख्य संघांतून व्हेरोना संघाविरुद्ध पहिला लीग सामना खेळला. नील्स लीडहोल्म या स्वीडिश शिक्षकानें त्याला पुढें आणलें. दुसऱ्याच वर्षीं, १९७८-७९ च्या हंगामांत, संघानें इटलीचें अजिंक्यपद मिळविलें. तें मिलानचें दहावें अजिंक्यपद. इटलींत दहा अजिंक्यपदें मिळविणाऱ्या संघास अंगरख्यावर एक तारा लावण्याचा मान मिळतो. संघाचा थोर खेळाडू जान्नी रिव्हेरा त्याच वर्षीं निवृत्त झाला. एकोणीस वर्षांच्या पोराच्या पदरीं एवढें यश पडलें, तेव्हां पुढील वाट मखमलीची असेंच कोणासहि वाटलें असतें.

तोंच घरावर वीज पडावी तसें झालें. १९८० सालीं इटलींत सामन्यांवर जुगार खेळून निकाल आधींच ठरविल्याचें मोठें प्रकरण उघडकीस आलें. त्यांत मिलान संघाचा अध्यक्ष व गोलरक्षक यांसहि शिक्षा झाली, आणि संघाला शिक्षा म्हणून पहिल्या श्रेणींतून दुसऱ्या श्रेणींत ढकलण्यांत आलें. एकाऐशीं वर्षांच्या इतिहासांत मिलानवर अशी पाळी कधीं आली नव्हती. ज्यांनीं पाप केलें नाहीं अशा पोरांस गांवोगांवच्या लहान मैदानांवर खेळत हिंडावें लागलें, आणि जेथें जातील तेथें लोकांचे टोमणे ऐकावे लागले. फ्रांको त्यांत होता. एका वर्षांत संघ दुसऱ्या श्रेणींत पहिला येऊन परत वर चढला.

पण ग्रह अद्यापि वक्रीच होते. १९८१ च्या शरदांत फ्रांकोला रक्ताच्या विकारानें गांठलें, आणि सुमारें चार महिने तो मैदानाबाहेर राहिला. त्याच्यावांचून संघ घसरत गेला. १६ मे १९८२ रोजीं हंगामाचा शेवटचा दिवस उजाडला. मिलाननें चेझेना येथें आपला सामना ३-२ असा जिंकला. परंतु दुसऱ्या मैदानावर जेनोआ संघानें अखेरच्या क्षणांत बरोबरी साधली, आणि स्वतः जिंकूनहि मिलान पुन्हां दुसऱ्या श्रेणींत गेला. पहिल्या खेपेस लोकांनीं खालीं ढकललें होतें. या खेपेस संघ आपल्याच पायांनीं खालीं उतरला. पहिल्यांत अपमान अधिक, दुसऱ्यांत लाज अधिक.

त्याच उन्हाळ्यांत एक विलक्षण योग आला. स्पेनमध्यें जागतिक स्पर्धा होती. इटलीच्या बावीस जणांच्या संघांत फ्रांकोची निवड झाली होती. पण लीबेरोच्या जागेवर गाएतानो शिरेआ हा निष्णात खेळाडू असल्यामुळें फ्रांकोस एक मिनिटहि खेळावयास मिळालें नाहीं. ११ जुलै रोजीं माद्रिद येथें इटलीनें पश्चिम जर्मनीस ३-१ असें हरवून जगज्जेतेपद जिंकलें. फ्रांको जगज्जेत्या संघाचा सभासद म्हणून घरीं परतला, तों त्याचा स्वतःचा संघ दुसऱ्या श्रेणींत! त्याच संघांतला त्याचा जोडीदार फुल्व्हिओ कोलोव्हाती त्या उन्हाळ्यांत मिलान सोडून शेजारच्या इंटरकडे गेला. त्याला आम्ही दोष देत नाहीं. खेळाडूचें आयुष्य दहा-पंधरा वर्षांचें, त्यांत जो तो आपलें हित पाहणारच. फ्रांको मात्र राहिला. बाविसाव्या वर्षीं त्याच्या दंडावर कप्तानाची पट्टी बांधण्यांत आली. १९८३ सालीं संघ दुसऱ्या श्रेणींत पहिला येऊन पुन्हां वर चढला, आणि त्यानंतर फ्रांको असेपर्यंत कधींहि खालीं आला नाहीं.

आमचा पुतण्या येथें तोंड घालील कीं, काका, त्याला जाण्याची मुभा होती काय? शंका अगदींच निराधार नाहीं. पूर्वीं इटलींत खेळाडू हा संघाशीं जवळजवळ वेठीनें बांधलेला असे; संघानें सोडल्याखेरीज त्याला दुसरीकडे जातां येत नसे. परंतु १९८१ सालीं इटलीनें कायदा करून हें बंधन क्रमाक्रमानें काढून टाकण्याचें ठरविलें. शिवाय पैशाची तंगी असलेला, खालच्या श्रेणींतला संघ चांगला खेळाडू विकावयास तयारच असतो. कोलोव्हाती गेला तो याच वाटेनें. तेव्हां दार उघडें होतें, यांत शंका नाहीं. आणि दुसरी गोष्ट, १९८२ सालीं तेथें राहण्यांत कोणताहि लाभ दिसत नव्हता. पुढें चार वर्षांनीं धनाढ्य मालक येईल व संघ युरोप जिंकील, हें भविष्य कोणी त्याच्या कानांत सांगितलेलें नव्हतें. सुबत्ता आल्यावर जे मिलानमध्यें राहिले त्यांची निष्ठा आम्ही नाकारीत नाहीं; पण तिची कसोटी लागली ती फ्रांकोच्या वेळीं.

वर केलेला हात

१९८६ सालीं सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी या धनिकानें संघ विकत घेतला, आणि १९८७ सालीं त्यानें आर्रीगो साक्की यास शिक्षक म्हणून आणलें. साक्की हा स्वतः कधीं मोठा खेळाडू नव्हता. तारुण्यांत त्यानें जोडे विकण्याचा धंदा केला होता. त्यामुळें पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. पण या माणसानें इटलीची जुनी रीतच बदलली. प्रत्येकानें एकेका प्रतिस्पर्ध्याच्या पाठीस लागावयाचें व लीबेरोनें मागें पहारा करावयाचा, हें त्यानें बंद केलें. चार रक्षकांची एक रांग. ती रांग चेंडू जिकडे जाईल तिकडे एकदम सरकावयाची, एकदम पुढें यावयाची, एकदम मागें हटावयाची. विठ्ठलाच्या वारींत टाळकऱ्यांची पावलें जशीं एका तालांत पडतात, तसे हे चौघे चालत. उजवीकडे तास्सोत्ती, मध्यें कोस्ताकुर्ता व बारेसी, डावीकडे पाओलो माल्दिनी. आणि ताल धरणारा बारेसी.

यांत एक युक्ति होती. ती समजल्याशिवाय या माणसाचें मोठेपण कळावयाचें नाहीं. फुटबॉलमध्यें ऑफसाइड नांवाचा नियम आहे. आपला साथीदार चेंडू पुढें मारतो त्या क्षणीं, पुढें उभ्या असलेल्या गड्याच्या व गोलरेषेच्या दरम्यान प्रतिपक्षाचे निदान दोन गडी असावे लागतात. गोलरक्षक हा बहुधा त्यांतला एक. म्हणजे शेवटच्या रक्षकाच्याहि पलीकडे जाऊन जो आधींच उभा राहील त्याला चेंडू देतां येत नाहीं. मिलानची रांग मागें पळण्याऐवजीं, चेंडू सुटण्याच्या नेमक्या आधीं, एक पाऊल पुढें येई, आणि बिचारा प्रतिस्पर्धी न हालतांहि पलीकडे पडे. त्याच क्षणीं बारेसीचा हात पंचाकडे पाहून वर जाई. चौघांपैकीं एकजण जरी अर्धा क्षण उशिरा निघाला, तरी मागें सारें मैदान उघडें! म्हणून पाऊल कधीं टाकावयाचें हें एकानें ठरवावयाचें आणि तिघांनीं विचारल्याशिवाय मानावयाचें. असा विश्वास पैशानें विकत मिळत नाहीं. तो वर्षांनुवर्षें एकमेकांजवळ राहूनच येतो. एका संघांत राहण्याचा लाभ काय, असें कोणी विचारल्यास आम्ही या पावलाकडे बोट दाखवूं. बारेसी व तास्सोत्ती १९८० पासून एकत्र होते. माल्दिनी व कोस्ताकुर्ता तर संघाच्या बालशाखेंतूनच वर आलेले.

या शिस्तीचें फळ लवकरच मिळालें. १९८८ सालीं नऊ वर्षांनंतर अजिंक्यपद परत आलें. १९८९ च्या एप्रिलांत सान सीरोवर रेआल माद्रिदसारखा संघ ५-० असा पराभूत झाला, आणि २४ मे रोजीं बार्सेलोना शहरीं रुमानियाच्या स्टेआउआ संघावर ४-० असा विजय मिळवून मिलाननें युरोपचें विजेतेपद वीस वर्षांनीं पुन्हां जिंकलें. पुढच्या वर्षीं व्हिएन्ना येथें बेनफिकास १-० असें हरवून तेंच पद राखलें. दोन्ही वेळां चषक उचलणारा कप्तान तोच, दोन वेळां दुसऱ्या श्रेणींतून संघाबरोबर चालत आलेला. १९८९ सालीं युरोपांतील सर्वोत्तम खेळाडूच्या सोन्याच्या चेंडूकरितां झालेल्या मतदानांत गोल करणारा व्हान बास्टेन पहिला आला व गोल न होऊं देणारा बारेसी दुसरा. रक्षकास एवढा मान क्वचितच मिळतो.

पुढें फाबिओ कापेल्लो शिक्षक झाला, तेव्हां १९९१ ते १९९३ या काळांत मिलान संघ लीगमधील सलग ५८ सामन्यांत हरला नाहीं. १९९३-९४ च्या हंगामांत ३४ सामन्यांत या संघावर अवघे १५ गोल झाले. स्थालीपुलाकन्यायानें ही एकच संख्या सांगितली तरी पुरे.

दरम्यान थोरला भाऊ जुझेप्पे काय करीत होता? तोहि पुष्कळ वर्षें इंटरमध्येंच राहिला, आणि पुढें त्या संघाचा कप्तान झाला. मिलान विरुद्ध इंटर या सामन्याच्या आधीं मैदानाच्या मध्यभागीं दोन कप्तान हस्तांदोलन करीत, ते एकाच आईचीं लेंकरें. १९८८ सालीं अजिंक्यपद धाकट्याच्या संघाकडे, तर १९८९ सालीं थोरल्याच्या! १९८६ च्या जागतिक स्पर्धेस धाकट्याला वगळून थोरल्यास नेलें. लहानपणीं एकाच घासांत दोघे जेवलेले. पुढें एकाचा विजय तो दुसऱ्याचा पराभव असें आयुष्य त्यांच्या वांट्यास आलें. तरीहि दोघांनीं भावाला अंतर दिलें नाहीं. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आम्हां लोकांस यांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे.

पॅसाडिनाची दुपार

आतां त्या रात्रीकडे वळूं. १९९४ च्या जागतिक स्पर्धेंत फ्रांको इटलीचा कप्तान होता आणि साक्की शिक्षक. फ्रांकोचें वय चौतीस. २३ जून रोजीं नॉर्वेविरुद्धच्या दुसऱ्याच सामन्यांत त्याच्या गुडघ्यांतील कूर्चा दुखावली. दुर्बिणीच्या साहाय्यानें शस्त्रक्रिया करावी लागली. त्याची स्पर्धा संपली असेंच सर्वांनीं धरलें. इटली कशीबशी पुढें सरकत अंतिम सामन्यास पोंचली. तेथें कोस्ताकुर्तास नियमानें बंदी आलेली. तेव्हां १७ जुलै रोजीं, दुखापतीनंतर अवघ्या चोविसाव्या दिवशीं, हा माणूस पॅसाडिना येथील मैदानावर ब्राझीलविरुद्ध उतरला.

तेथें भर दुपार होती; कडक उन्हांत चौऱ्याण्णव हजार लोक बसले होते. ब्राझीलचे रोमारिओ व बेबेतो हे दोन गडी त्या स्पर्धेंत सर्वांना भारी झाले होते. त्यांच्यासमोर हा शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याचा माणूस उभा राहिला. आम्हांस त्या खेळांतलें तेव्हां कांहींच कळत नव्हतें. तरीहि थोड्या वेळानें आमच्या ध्यानांत आलें कीं, चेंडू कोठें येणार हें या एका माणसाला इतरांच्या आधीं ठाऊक असतें. तो फारसा धांवत नव्हता, परंतु जेथें असावयास हवा तेथें असे. नव्वद मिनिटें झालीं, आणखी तीस झालीं. एकहि गोल झाला नाहीं. अखेरीअखेरीस त्याच्या पायांत गोळे येऊं लागले, तरी त्यानें जागा सोडली नाहीं.

मग निकाल लावण्यासाठीं दोन्ही पक्षांनीं पांच-पांच पेनल्टी मारावयाच्या ठरल्या. बारा पावलांवरून, समोर एकटा गोलरक्षक. इटलीतर्फे पहिली कोणीं मारावयाची? कप्तानानें. चारच वर्षांपूर्वीं, १९९० सालीं, नेपल्स येथें अर्जेंटिनाविरुद्धहि अशीच पाळी आली असतां पहिली पेनल्टी त्यानेंच मारून गोल केला होता. येथेंहि तो पुढें झाला. थकलेल्या पायानें मारलेला चेंडू आडव्या दांडीच्या बराच वरून निघून गेला. तो मटकन् खालीं बसला. पुढें ब्राझीलचीहि एक पेनल्टी हुकली. पण इटलीचा मास्सारो चुकला आणि शेवटीं रोबेर्तो बाज्जो याचाहि चेंडू वरून गेला. ब्राझील ३-२ नें जिंकलें. जगाच्या स्मरणांत बाज्जो राहिला. आम्हांस मात्र आठवतो तो रडणारा कप्तान. साक्कीनें त्याला जवळ घेतलें होतें, आणि चौतीस वर्षांचा तो कणखर माणूस लहान मुलासारखा हुंदके देत होता. आमचा पुतण्या म्हणाला, "काका, सगळ्यांत चांगला तोच खेळला ना? मग त्याचीच कशी चुकली?" या प्रश्नाचें उत्तर आमच्याजवळ तेव्हां नव्हतें, आणि आजहि नाहीं.

एवढेंच सुचतें कीं, या माणसाच्या पदरीं जागतिक स्पर्धेचीं तीन पदकें पडलीं: १९८२ चें सोन्याचें, १९९० चें कांशाचें आणि १९९४ चें रुप्याचें. सोन्याचें मिळालें तेव्हां तो एक मिनिटहि खेळला नव्हता. आणि ज्या दिवशीं त्यानें जीव ओतला त्या दिवशीं रुप्याचें मिळालें. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत अथेन्स येथें मिलाननें बार्सेलोनास ४-० असें हरवून युरोपचा चषक जिंकला, त्या दिवशींहि बंदी असल्यामुळें तो बाहेर बसलेला. कर्म व फल यांचा हिशेब किती वांकडा असूं शकतो, हें शिकविण्यास आम्हांस वर्गांत इतकें स्पष्ट उदाहरण कधीं सांपडलें नव्हतें.

निष्ठेचें मोल

१९९७ सालीं, सदतिसाव्या वर्षीं, फ्रांको निवृत्त झाला. वीस हंगाम, ७१९ सामने, सहा अजिंक्यपदें, तीन वेळां युरोपचें विजेतेपद. आणि संघ एक. मिलाननें त्याचा सहा क्रमांकाचा अंगरखा त्याच्याबरोबरच निवृत्त केला; त्यानंतर तो अंक त्या संघांत कोणास देण्यांत आला नाहीं. १९९९ सालीं संघाच्या शतकांतील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून त्याची निवड झाली, आणि २०२० सालीं संघानें त्यास मानद उपाध्यक्ष केलें. कप्तानाची पट्टी पाओलो माल्दिनीकडे गेली. त्यानें ती २००९ पर्यंत वागविली व एकाच संघातर्फे ९०२ सामने खेळून दाखविले. एकानें दाखविलेली वाट दुसऱ्यानें चालून रुंद केली.

आतां निष्ठा कोणाशीं, हा प्रश्न उरतो. १९८० सालीं ज्यांनीं संघाचें नांव बुडविलें, ते त्याचेच धनी होते. त्यांच्याशीं एकनिष्ठ राहण्यांत पुण्य कसलें? आम्हांस वाटतें, फ्रांकोची निष्ठा धन्याशीं नव्हती. धनी आले आणि गेले. परीक्षकांनीं परत पाठविलेल्या एका किरकोळ पोरास ज्या घरानें खेळावयास जागा दिली, त्या घराशीं ती होती. पावसापाण्यांत दुसऱ्या श्रेणीचे सामने पाहावयास येणाऱ्या लोकांशीं होती. आणि शेजारीं उभे राहून त्याच्या शब्दावर पाऊल टाकणाऱ्या तिघांशीं होती. धनी अन्यायी निघाला तर त्याला सोडावें, यांत पाप नाहीं. सोबत्यांना मात्र रांगेंत उभे असतां सोडूं नये. निष्ठेचें बक्षीस नेहमीं मिळतेंच असेंहि नाहीं. कित्येक माणसें पडत्या संस्थेबरोबर पडतात व त्यांचा अंगरखा कोणी जपून ठेवीत नाहीं. म्हणून बक्षिसाच्या आशेनें निष्ठा सांगणें ही फसवणूक होईल, आणि तरुणांस आम्ही ती करूं इच्छीत नाहीं.

हें सर्व आम्हीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुतण्यास सांगितलें. तो मुकाट्यानें ऐकत होता. शेवटीं आम्ही म्हणालों, "बाळ, राहा असें आम्ही म्हणत नाहीं. तुला संसार करावयाचा आहे, आणि थकलेला पगार मागणें हा तुझा हक्क आहे. जावयाचें तर खुशाल जा. पण तुझ्या हातांत असलेलें काम अर्धें टाकून, तुझ्या भरंवशावर पाऊल उचललेल्या माणसांस उघडें पाडून जाऊं नकोस. आणि मालकास तोंडावर सांगून जा." तो कांहीं वेळानें म्हणाला, "काका, हातांतलें यंत्र पुरें व्हावयास दोन महिने लागतील. तिकडच्यांना विचारून पाहतों, थांबतात का."

त्यांनीं थांबण्याचें कबूल केलें आहे. यंत्र अद्यापि पुरें झालेलें नाहीं. पुतण्या रोज रात्रीं उशिरा घरीं येतो, असें त्याच्या पत्रांवरून कळतें, आणि वहिनी आमच्यावर अजून रागावलेल्या आहेत. पुढें तो जाईल कीं राहील, हें आम्ही विचारलेलें नाहीं. आमच्या स्वतःच्या छत्तीस वर्षांविषयींची शंकाहि पुरती फिटली आहे असें नाहीं. परंतु दर वर्षीं जूनमध्यें नव्या मुलांसमोर तेंच पहिलें रूप आम्ही कंटाळा न करितां म्हणून दाखवीत होतों, एवढें आम्हांस आठवतें. दार बंद होतें हें खरें. पण आंत असतांना आम्ही दाराकडे तोंड करून बसलों नव्हतों. तेवढ्यावर समाधान मानावयास हरकत नसावी.